चित्राचा पत्ता

लुईस कॅरलच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये ॲलिस शेकोटीच्या वरच्या फळीवर चढते आणि आरशातून पलीकडच्या घरात जाते. १८७१च्या अखेरीस हे पुस्तक आलं तेव्हा जॉन टेनिएलने या एका क्षणाची दोन चित्रं काढली होती. पहिल्यात ॲलिस आपल्याला पाठमोरी दिसते. गुडघा फळीवर, एक हात काचेवर टेकवलेला. दुसऱ्यात ती पलीकडून बाहेर येते, आपल्याकडे तोंड करून. पहिल्या चित्रातलं फळीवरचं घड्याळ काचेच्या घुमटाखाली निमूट बसलंय. दुसऱ्यात त्याच घड्याळाला म्हाताऱ्याचा चेहरा फुटलाय आणि तो हसतोय.

ही दोन्ही चित्रं नेटवर शोधली की शेजारीशेजारी लावलेली मिळतात. बघा, किती गंमत, घड्याळाला तोंड आहे, वगैरे. पण मूळ पुस्तकात ती शेजारी नाहीतच. ती एकाच कागदाच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावून छापलेली आहेत. म्हणजे तो कागद हाच आरसा आहे. ॲलिस या बाजूने आत शिरते, वाचणारा पान उलटतो आणि ती त्या बाजूने बाहेर पडते. तिला पलीकडे नेण्याचं काम टेनिएल करत नाही, कॅरलही करत नाही. ते वाचणाऱ्याचं बोट करतं.

शेजारी लावलेल्या दोन चित्रांत हे काहीच उरत नाही. चित्रं तीच, रेषा तीच, रिझोल्यूशन तर मूळ पुस्तकापेक्षा भारी. फक्त त्यांचा पत्ता हरवलाय.

पुस्तकातल्या चित्राला पत्ता असतो, एवढंच मला या लेखात म्हणायचंय. कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, कुठल्या वाक्याच्या वर, कुठल्या शब्दानंतर, पाठीमागे काय, समोर काय. भिंतीवरच्या चित्राला हे प्रश्न विचारावे लागत नाहीत. पुस्तकातल्या चित्राला विचारले नाहीत तर आपण ते अर्धंच पाहिलेलं असतं. आणि मराठीत आपण बहुतेक वेळा तेवढंही पाहत नाही. पुस्तक परीक्षणांचं शेवटचं वाक्य आठवा : मुखपृष्ठ समर्पक असून आतील रेखाटने आशयाला पूरक आहेत, छपाई सुबक आहे. संपलं. ज्या माणसाने अख्खं पुस्तक वाचून, त्यातला नेमका एक क्षण निवडून तो नेमक्या एका जागी ठेवला, त्याच्या वाट्याला ‘पूरक’ हा एक शब्द.

‘ॲलिस’कडेच थोडं आणखी थांबतो, कारण चित्राच्या जागेचा इतका विचार केलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. १८६५च्या पहिल्या भागातलं चेशायर मांजर सगळ्यांना ठाऊक असतं. ते झाडावर बसलेलं असतं आणि हळूहळू विरत जातं, शेवटी नुसतं हसू उरतं. या मांजराची दोन चित्रं आहेत. ती चौकोनी नाहीत, काटकोनात कापल्यासारखी आहेत आणि मजकूर त्यांच्या खाचेत बसवलाय. झाड दोन्हीकडे तेच. एकात मांजर पुरतं बसलेलं, दुसऱ्यात विरत चाललेलं. ही चित्रं सलग दोन उजव्या पानांवर साधारण एकाच जागी येतात. त्यामुळे मधला एक कागद भरभर उलटला की झाड जागच्या जागी राहतं आणि मांजर नाहीसं होतं. सिनेमा यायला अजून तीस वर्षं होती.

दुसऱ्या भागात याहून थोर प्रकार आहे. ॲलिस लाल राणीला धरून गदागदा हलवते आणि राणीचं मांजरीचं पिल्लू होतं. यातलं हलवणं एका प्रकरणात आणि पिल्लू होणं पुढच्या प्रकरणात. ती दोन्ही प्रकरणं इतकी छोटी आहेत की पहिलं दोनेक वाक्यांत आटपतं आणि दुसरं म्हणजे अर्धं वाक्य आणि एक चित्र. अख्खं प्रकरण! इथे चित्र मजकुराला पूरक वगैरे नाही. वाक्य अर्ध्यात तुटतं, पान संपतं आणि ते वाक्य पुढचं चित्र पूर्ण करतं.

आणि ग्रिफन हा प्राणी पहिल्यांदा येतो तेव्हा कॅरल त्याचं वर्णनच करत नाही. ग्रिफन काय असतो हे माहीत नसेल तर चित्र बघा, असं तो कंसात सांगून मोकळा होतो. आमच्या धंद्यात याला पॉइंटर म्हणतात. किंमत इथे लिहायची नाही, फक्त ती कुठे ठेवलीय ते लिहायचं.

हे सगळं टेनिएलचं डोकं की कॅरलचं? कॅरल ऑक्सफर्डला गणित शिकवायचा आणि छपाईच्या बाबतीत छळवादी म्हणावा इतका काटेकोर होता. पण याचं मूळ त्याच्याही आधीच्या एका वस्तूत आहे. ही गोष्ट त्याने प्रथम स्वतःच्या हाताने एका वहीत लिहिली, त्यात स्वतःच ३७ चित्रं काढली आणि ती वही १८६४च्या नोव्हेंबरमध्ये ॲलिस लिडेल या मुलीला भेट दिली. कॅरलला चित्रकला बेताचीच यायची. माणसांची शरीरं लाकडी, हात कुठूनही फुटलेले. पण ॲलिस अवाढव्य वाढून घरात अडकते ते चित्र पाहा. टेनिएलने तिथे खोली काढलीय, खिडकी काढलीय, तिच्यातून बाहेर काढलेला हात काढलाय. उत्तम चित्र आहे. कॅरलने खोली काढलेलीच नाही. त्याने एक चौकट आखली आणि तिच्यात ॲलिसला गुडघे पोटाशी घेऊन कोंबली. चित्राची चौकट हीच खोली. इथे टेनिएलपेक्षा कॅरलचं चित्र मला सरस वाटतं. टेनिएलचं चित्र कापून कुठेही लावलं तरी कळतं की मुलगी घरात अडकलीय. कॅरलचं चित्र आपल्याला कागदात अडकवतं.

पुढे छापील पुस्तकाच्या वेळी या काटेकोरपणाची किंमतही मोजली गेली. १८६५ साली पहिल्या आवृत्तीच्या २,००० प्रती ऑक्सफर्डला छापून झाल्या होत्या. टेनिएलला चित्रांची छपाई पसंत पडली नाही. कॅरलने आवृत्ती मागे घेतली आणि दुसऱ्या छापखान्यात पुस्तक पुन्हा छापून घेतलं. खर्च प्रकाशकाचा नव्हता, कॅरलच्या खिशातला होता. नाकारलेले कागद अमेरिकेतल्या एका प्रकाशकाला विकले गेले. चित्रकाराने ‘नीट उठलं नाही’ म्हटल्यावर लेखकाने स्वतःच्या पैशाने आवृत्ती रद्द करायची, हे आजच्या मराठी प्रकाशनव्यवहारात कुणाला सांगून बघा.

आता, मांजराच्या चित्राच्या खाचेत मजकूर बसू शकला यामागे एक यंत्रातली गोष्ट आहे आणि ती मला चित्रांइतकीच आवडते. जुन्या छापखान्यात अक्षरं म्हणजे शिशाचे खिळे. खिळ्याचा वर आलेला भाग शाई घेतो आणि कागदावर उठतो. लाकडाचा ठोकळा कोरून चित्र केलं तर तेही याच पद्धतीने छापता येतं. नको तो भाग खोदून काढायचा, वर राहिलेल्या रेषा शाई घेतात. ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा केला की चित्र आणि मजकूर एकाच फर्म्यात आवळून एका दाबात छापता येतात. चित्र अक्षरांच्या रांगेत, त्यांच्यातलंच एक होऊन उभं राहतं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचं नेमकं उलट. तिथे शाई कोरलेल्या खाचांमध्ये भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद जबर दाबाखाली रुळातून काढतात, म्हणजे कागद खाचेत घुसून शाई उचलतो. रेषा लाकडापेक्षा कितीतरी नाजूक मिळते. पण यंत्र वेगळं. खिळे इथे चालत नाहीत. मग चित्र वेगळ्या कागदावर छापायचं आणि बांधणीच्या वेळी पुस्तकात घालायचं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातली कित्येक देखणी सचित्र पुस्तकं अशी आहेत. चित्र अप्रतिम, पण पाहुण्यासारखं वेगळ्या खोलीत उतरलेलं.

लाकडाला पुन्हा मजकुराच्या घरात आणलं न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने. पूर्वी फळीच्या लांबीच्या अंगाने कोरायचे, तिथे लाकडाचे तंतू आडवे येतात आणि बारीक रेषा तुटते. ब्यूइकने बॉक्सवुडच्या खोडाचा आडवा छेद घेऊन तांब्यावर चालवायची ती कोरणी त्यावर चालवली. ही युक्ती त्याची एकट्याची नव्हती, पण ती त्याच्याइतकी पुढे कुणी नेली नव्हती. बॉक्सवुड घट्ट आणि चिवट, त्यामुळे रेषा तांब्याच्या तोडीची मिळाली आणि तीही खिळ्यांच्या शेजारी छापता येणारी. पण खोड बारीक असल्यामुळे ठोकळे छोटेच निघायचे. ब्यूइकची चित्रं मुठीत मावणारी आहेत ती यामुळे.

त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरच्या पुस्तकाचे दोन खंड १७९७ आणि १८०४ साली आले. पक्षी सुंदर आहेतच. पण मला त्यातली पक्ष्यांची चित्रं दुय्यम वाटतात. खरी मजा वर्णन संपल्यावर पानाच्या तळाशी उरलेल्या रिकाम्या जागेत आहे. तिथे ब्यूइकने पक्ष्यांशी काही संबंध नसलेली इवलीशी चित्रं घातली. एका चित्रात एक माणूस पुलाचा टोल वाचवायला गायीचं शेपूट धरून नदी ओलांडतोय आणि त्याची टोपी वाहून चाललीय. या चित्रांना चौकट नाही. कडेची झुडपं, दगड विरळ होत होत कागदात मुरतात आणि चित्र कुठे संपलं, पान कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. एका ठिकाणी तर त्याने एका छोट्या देखाव्यावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा कोरलाय. कुणी तरी मळक्या हाताने पुस्तक धरलं असावं असा. आपण पुसायला जातो, तेव्हा कळतं की तो छापलेलाच आहे. हा ठसा चौकटीत घालून भिंतीवर लावला तर त्यात काय उरलं? तो पुस्तकातच हवा, जिथे वाचणाऱ्याचा अंगठा खरोखर टेकतो.

‘जेन एअर’ ही कादंबरी सुरू होते तेव्हा छोटी जेन पडद्याआड खिडकीत बसून ब्यूइकचं हेच पुस्तक चाळत असते, मजकूर जवळपास सोडून देऊन. शार्लट ब्राँटेला नेमकं माहीत होतं की मुलं अशी पुस्तकं कशी वाचतात.

वेगळ्या कागदावरच्या त्या तांब्याच्या चित्रांचं पुढे काय झालं? ती पुस्तकातून सहज निघतात. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात हा रीतसर धंदा आहे. पुस्तक उसवायचं, चित्रं सुटी करायची, चौकटीत घालून एकेक विकायची. सुट्या चित्रांची बेरीज पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होते. उरलेला मजकूर रद्दी.

याचं सगळ्यांत मोठं आणि मला सगळ्यांत अस्वस्थ करणारं उदाहरण इराणमधलं आहे. सोळाव्या शतकात शाह तहमास्पसाठी ‘शाहनामा’ची एक हस्तलिखित प्रत तयार झाली. तिच्यात २५८ चित्रं होती. १५६८ साली ती ऑटोमन सुलतानाला भेट म्हणून गेली. चारशे वर्षं पुस्तक एकसंध राहिलं. १९५९ साली आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने ते विकत घेतलं आणि पुढे उसवलं. ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला गेली, कित्येक लिलावात एकेक करून विकली गेली. उरलेली ११८ चित्रं, मजकुराची पानं आणि बांधणी १९९४ साली इराणने परत मिळवली, ती विलेम द कूनिंगच्या एका आधुनिक चित्राच्या बदल्यात. त्याच पुस्तकाचं एक पान २०११ साली लंडनला ७४ लाख पौंडांना गेलं.

ही चित्रं निर्विवाद थोर आहेत. सुलतान मुहम्मदने काढलेला गयुमर्सचा दरबार सध्या टोरोंटोत आहे. त्यातल्या खडकांमध्ये इतके चेहरे लपलेत की फोनवर झूम करत तासभर जाऊ शकतो. पण अशा हस्तलिखितात आधी सुलेखनकार काव्य लिहायचा आणि चित्रासाठी जागा सोडायचा. कुठल्या ओळीशी थांबून जागा सोडायची, हा निर्णय चित्राइतकाच महत्त्वाचा. चित्राच्या अंगाला लागून काव्याच्या ओळी असतात. वाचणारा त्या ओळीपर्यंत पोचतो आणि तिथे गोष्ट शब्दांतून रंगांत उतरते. चित्र अनेकदा चौकट फोडून समासात घुसतं, झाडाची फांदी नाहीतर भाल्याचं टोक बाहेर येतं. हे सगळं एका चालत्या गोष्टीतलं एक पाऊल होतं. आज जगातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या भिंतींवर ती पावलं वेगवेगळी लटकतायत. कूनिंगच्या चित्राशी अदलाबदल करता आली, यातच सगळं आलं. पुस्तकाचं पान तोपर्यंत ‘पेंटिंग’ झालेलं होतं.

अकबराच्या ‘हमजानामा’चंही तेच. साधारण १,४०० मोठी चित्रं, कापडावर, एका बाजूला चित्र आणि पाठीमागे मजकूर. त्यातली फार थोडी वाचली. काही श्रीनगरमध्ये खिडक्यांना लावलेली सापडली, वारा अडवायला. आज ती संग्रहालयात असतात आणि त्यांची मजकुराची बाजू बहुधा भिंतीकडे असते. खिडकीला लावणाऱ्याने केलं ते वाईट आणि आपण करतो ते जतन, हे मान्य. पण वाचत दोन्हीकडे कुणीच नाही.

आपल्याकडे याच जातीची एक गोष्ट आहे, तिच्यात तर अक्षरंच नाहीत. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजातली चित्रकथी. कागदावर रंगवलेली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका कथेच्या अशा सगळ्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि रामायण-महाभारतातली कथा गातो. एकही अक्षर नाही आणि तरी नाव पोथी, हे मला फार अचूक वाटतं. कारण क्रम आहे, पान उलटणं आहे. मजकूर गळ्यातून येतो इतकंच. यातली सुटी चित्रं संग्राहकांकडे गेली आणि ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ती बघायला मिळतात. बटबटीत डोळे, एका बाजूने काढलेले चेहरे, सपाट रंग. सुटं चित्र बघून ‘लोककलेची ठसठशीत शैली’ वगैरे लिहिता येतं. पण ते डोळे एवढे मोठे का, याचा मला सुचणारा साधा अर्थ असा आहे की ते मागे बसलेल्याला दिसायचे होते. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती या परंपरेतल्या कामासाठी.

छपाई आपल्याकडे आली तेव्हा चित्र आणि अक्षर यांचं नातं युरोपापेक्षा वेगळ्या वाटेने जमलं. ती वाट शिळाछापाची. बव्हेरियात सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत शोधली. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने काढायचं, दगड ओला करायचा. पाणी तेलाला धरत नाही, छपाईची शाई फक्त रेषांना धरते. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळेवर पंचांग छापलं. देवनागरीचे खिळे पाडणं म्हणजे जोडाक्षरं आणि मात्रा-वेलांट्यांचं जंजाळ. दगडाला त्याचं काही नाही. त्याला अक्षर काय आणि गणपतीची सोंड काय, दोन्ही रेषाच. लिहिणारा आणि चित्र काढणारा एकाच पृष्ठभागावर काम करू शकत होते, हवं तर एकच हात दोन्ही करू शकत होता. युरोपात ज्यासाठी ब्यूइकला बॉक्सवुड कोरावं लागलं, ते इथल्या पोथ्यांना दगडावर आपसूक मिळालं.

आता थोडं आपल्या आठवणीतल्या चित्रांकडे. ‘चांदोबा’ तुमच्या घरी नसेल तर आजोळी, रद्दीत, वाचनालयात कुठेतरी भेटला असेलच. १९४७ साली मद्रासमध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक पुढे डझनभर भाषांत निघू लागलं. भाषा बदलायची, चित्रं तीच राहायची. ज्यांना ॲपचं लोकलायझेशन करावं लागलंय त्यांना यातली अडचण लगेच कळेल. तोच मजकूर मराठीत एवढा, तमिळमध्ये त्याहून लांब, आणि मध्ये चित्र मात्र हलायचं नाही. वेगवेगळ्या भाषांतले जुने अंक शेजारी ठेवून बघा. चित्र खांबासारखं उभं आहे आणि भाषा त्याच्याभोवती स्वतःला बसवून घेतायत.

त्यात शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांचं विक्रम आणि वेताळाचं चित्र. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशानाची वाट आणि राजा चालतोय. हे शीर्षकचित्र वर्षानुवर्षं तेच. लहानपणी मला तो आळशीपणा वाटायचा. आता वाटतं, यापेक्षा अचूक चित्र त्या कथेला मिळणं शक्य नव्हतं. प्रत्येक कथेच्या शेवटी राजा बोलतो, वेताळ प्रेतासह परत झाडावर जातो आणि सगळं पहिल्यापासून. चित्र बदललं असतं तर राजा कुठेतरी पोचतोय असं वाटलं असतं. तो पोचत नाही. दर महिन्याला तो त्याच पानावर, त्याच पावलावर असतो. शंकर २०२० साली वारले, ९७व्या वर्षी. साठ वर्षांच्या आसपास ते ‘चांदोबा’साठी चित्रं काढत होते.

मराठी प्रौढ साहित्यातल्या चित्रांबद्दल बोलायचं तर दोन नावं घेऊन एक वाद घालतो. दीनानाथ दलाल आणि वसंत सरवटे. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि मराठी मुखपृष्ठाला रंग दिला, हे त्यांचं ऋण कुणी नाकारू नये. आज दलालांची मुखपृष्ठं इन्स्टाग्रामवर फिरतात आणि झकास दिसतात. माझा मुद्दा तोच आहे : ती पुस्तकावाचून झकास दिसतात. कित्येकदा पुस्तक कुठलं हे कळलं नाही तरी काही बिघडत नाही. सरवट्यांची चित्रं अशी फिरत नाहीत. बारीक रेषा, रंग नाही, कोपऱ्यात उभा असलेला कुणी तरी संकोचलेला माणूस. सुटं पाहिलं तर ‘बरं आहे’ म्हणून आपण पुढे सरकतो. पण पु. लं.च्या पुस्तकांत शेजारचा परिच्छेद वाचून डोळा चित्रावर जातो तेव्हा ते हसवतं आणि पुन्हा परिच्छेदाकडे पाठवतं. ‘ललित’मधल्या सदराचा ठणठणपाळ हातोडा घेऊन उभा राहिला तो सरवट्यांमुळे. जयवंत दळवी टोपणनावाने लिहीत होते, म्हणजे लेखकाला चेहरा नव्हता आणि सदराला होता. सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर, ए.सी.सी.त नोकरी करणारे. भार कुठे पडतो आणि कुठल्या जागी किती पुरतं हे त्यांच्या रेषेला कळतं, त्याचा त्या नोकरीशी संबंध असेल-नसेल. पण त्यांना रेषालेखक म्हणत, ते अगदी बरोबर होतं. दलाल मोठे चित्रकार होते. पुस्तकाचे चित्रकार म्हणून मी सरवट्यांना वर ठेवतो.

मग फोनवर काय होतं? मी दिवसभर स्क्रीनवर कुठली गोष्ट कुठे बसावी याचाच कोड लिहितो, त्यामुळे हे जरा जास्त टोचतं. बहुतेक ई-बुकं वाहती असतात. फाँट मोठा केला की ओळी तुटतात, पानं वाढतात. चित्र म्हणजे दोन परिच्छेदांच्या मधला एक टॅग, ते मजकुरासोबत वाहत कुठेही जाऊन पडतं. ‘ॲलिस’ असं उघडलं की मांजराच्या चित्राची खाच भरून निघते, काटकोन जाऊन चौकोन येतो आणि मजकूर वर-खाली होतो. आणि आरसा? स्क्रीनला पाठच नसते. दृष्टी अधू असलेल्याला अक्षर मोठं करता येणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी काढून घेऊ नये. पण त्यात काय गेलं याचा हिशेब तरी ठेवू या.

स्क्रीनवर चित्राला पत्ता देता येतच नाही, असं मात्र नाही. कोरियन वेबटून बघा. ते फोनसाठीच रचलेलं असतं, वरून खाली एक सलग पट्टी. दोन चौकटींमधली रिकामी जागा म्हणजे वेळ. अंगठा जितका सरकेल तितका काळ जातो. पात्र कड्यावरून पडतं तेव्हा चार स्क्रीनभर नुसतं पांढरं असतं आणि आपण खरोखर पडतो. तिथे कुणी तरी ब्यूइकसारखा उरलेल्या जागेचा विचार केलाय. याउलट आपल्याकडच्या ऑनलाइन कथांच्या माथ्यावर हल्ली एआयने बनवलेलं एक चकचकीत चित्र असतं, पावसात पाठमोरी उभी असलेली बाई. कथेचा गोषवारा दिला की मशीन चित्र देतं. कथेत कुठे थांबून चित्र दाखवावं, हे त्याला कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही वाटत नाही, कारण जागा ठरलेलीच असते : सगळ्यांत वर, शीर्षकाखाली, वाचणाऱ्याने एक शब्दही वाचण्याआधी.

कॅरलच्या हातची ती वही ब्रिटिश लायब्ररीने स्कॅन करून ठेवलीय, कोंबलेल्या ॲलिससकट. टेनिएलच्या चित्रांच्या जुन्या छापील आवृत्त्याही पानागणिक स्कॅन केलेल्या मिळतात. त्या वाहत्या नसतात, पान म्हणजे पानाचा फोटो. अशी एखादी आवृत्ती फोनवर उघडा आणि मांजराच्या पानावर या. दोनदा झटकन स्वाइप करा. मधलं डावं पान डोळ्यांसमोरून लखकन जातं, वाचायला काही मिळत नाही. झाड हललेलं नसतं. मांजर गेलेलं असतं.